चौथा सिलिंडर

कुडचड्यातलं माझं गॅरेज म्हणजे टिप्परांचा दवाखाना.
खाणी चालू होत्या तेव्हा रात्री दोनलाही शटर वाजायचं.
क्लच, गिअरबॉक्स, तुटलेले पाटे,
आणि सगळ्यावर तांबडी धूळ, चहाच्या सायीवरसुद्धा.
मग खाणी थांबल्या.
टिप्पर रांगेत उभे राहिले, चाकांमधून घाणेरी वाढली.
तेव्हा कळलं,
इंजिन पळून जेवढं मरत नाही
तेवढं उभं राहून मरतं.

त्याच वर्षी मडगावच्या दातांच्या डॉक्टर, इव्हेट फुर्तादो,
एक निळी गाडी घेऊन आल्या.
वीस वर्षांची. सहा सिलिंडर एका ओळीत,
प्रत्येकाला स्वतःचा वेगळा गळा,
आठ हजार फेऱ्यांपर्यंत दम न लागणारी.
"पुरसो, हिच्यावर भरवसा ठेवू ना?"
मी म्हटलं, आधी तेल बघूया.

तेल बशीत घेतलं, उन्हात धरलं.
तळाशी काहीतरी चकाकलं,
पेडवे साफ केल्यावर हाताला राहतात तसे
बारीक खवले.

बेअरिंग काढली. बारा अर्धगोल, अंगठ्याएवढे रुंद.
जुन्या तपेल्याची कल्हई उडावी
तसं वरचं शिसं गेलेलं,
खालचं तांबं वर आलेलं.
डॉक्टरबाईंनी एक उचलून खिशातल्या भिंगातून पाहिलं,
म्हणाल्या, "हे तर इनॅमल गेलेल्या दाढेसारखं."
त्या दिवसापासून आमची भाषा जुळली.

फोंडूला शिकवलं:
वाल्वची फट थंड इंजिनावरच मोजायची,
रात्रभर निवलेल्या. सकाळी, चहाच्याही आधी.
चोवीस वाल्व, चोवीस आकडे, वहीत.
पट्टी जाताना किंचित अडली पाहिजे,
नव्या कोऱ्या नोटा मोजताना बोट अडतं तेवढीच.
तो म्हणाला, मेस्त, नव्या कोऱ्या नोटा कुणी बघितल्यात?

आणि रॉडचे बोल्ट. ते एकदाच वापरायचे.
आधी पाच, मग तीस,
मग एकशे पाच अंश, डोळे कोनाच्या तबकडीवर,
मग पांढऱ्या रंगाची रेघ, मग वहीत टिक.
पहिला. दुसरा. तिसरा.
चौथ्याला फोन वाजला.
सावर्ड्याच्या पुलावर कुणाचा तरी रेडिएटर फुटला होता.
परत आलो, पाचवा केला, सहावा केला,
संप लावला, तेल भरलं, गाडी दिली.

तिसऱ्या रात्री जाग आली.
वहीत चौथ्यासमोर काही नव्हतं.

बायको म्हणाली, केला असणारच, तुझे हात विसरत नाहीत.
हात विसरत नाहीत हे खरं,
पण हात सांगतही नाहीत.
आठ हजार फेऱ्यांना ढिला बोल्ट
क्रँककेसला भोक पाडून बाहेर येतो,
आणि बाई रविवारी पहाटे
बोरीच्या पुलावर एकट्या असतात.

उजाडायच्या आत फोन केला.
म्हटलं, गाडी चालू करू नका, टो करून आणतो.
त्या काही वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"मीसुद्धा कधी कधी रात्री उठून एक्सरे बघते.
डावी दाढ की उजवी."

दोन दिवस गेले. तेल गेलं, गॅस्केट गेलं.
फोंडूनं टॉर्च धरली, मी पाठीवर झोपून वर सरकलो.
रेघ होती.
हवी तिथेच, केसभरही इकडेतिकडे नाही.
फोंडू हसायला लागला. मला हसू आलं नाही,
पोटात कालवलं, लहानपणी हरवून सापडलो होतो तसं.

बिलात शेवटची ओळ लिहिली:
चौथा सिलिंडर, पुन्हा तपासला. शून्य रुपये.
बाईंनी ते बिल दवाखान्यात लावलंय, डिग्रीच्या शेजारी.

आता दर पंधरवड्याला मीच तिला फिरवून आणतो,
तिळामळाहून रिवणच्या वाटेवर.
काट्याभोवतीचे केशरी दिवे
तेल तापेल तसे एकेक विझत जातात.
शेवटचा विझेपर्यंत घाई करायची नाही.
मागून येणारे मोटरसायकलवाले हॉर्न देतात,
वळून बघतात, एवढी गाडी आणि हा म्हातारा
चाळीसनं चाललाय.

वही मांडीवर घेऊन फोंडू शेजारी.
एक दिवा उरलाय.